ओरडला की सोडायचं

४ मार्च

दादा आला. न कळवता. दारात उभा, खांद्यावर क्लबची बॅग, आणि म्हणे, "थोडे दिवस राहू का?" मी म्हटलं, "बूट बाहेर काढ." आमच्यात याला हो म्हणतात.

कारण विचारलं नाही. कारण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. गेल्या महिन्यातला सामना, शेवटची मिनिटं, एक साधा उंच बॉल. दादा गोलकीपर. "माझा!" म्हणून ओरडला, पुढच्या बचावपटूने विश्वासाने बॉल सोडला — आणि दादा जागचा हललाच नाही. बॉल दोघांच्या मधे पडला. गोल. तेव्हापासून दादा संघाबाहेर आहे, आणि करार या सीझनबरोबर संपतो.

जेवायला काय करू विचारलं. "काहीही चालेल." दुधाच्या पातेल्यातली खरवड कोणाची, यावरून माझे केस ओढणारा माणूस हा!

५ मार्च

बेल वाजली. दादा सोफ्यावर, दाराच्या अगदी जवळ. उठला नाही. मी स्वयंपाकघरातून हात पुसत आले. कुरियर.

लिहिण्यासारखं काही नाही, असं वाटलं होतं. पण आहे. लहानपणी घरात नियम होता — बेल असो, फोन असो, गॅसवरचं दूध असो, जो "माझा!" ओरडेल त्याने जायचं. मैदानावर गोलकीपर बॉलसाठी पुढे येताना तसं ओरडतो, म्हणजे बाकीचे बाजूला होतात. दादाने ते घरात आणलं आणि आईने त्याचा कायदा केला. "नुसतं ओरडायचं नाही हं. ओरडलास की ऊठ!"

बेल वाजली तरी तो "माझा!" ओरडायचा. मी दर वेळी सांगायचे, बेल स्त्रीलिंगी आहे, "माझी" म्हण. तो म्हणायचा, "समोरून बॉल येतोय आणि मी त्याचं लिंग विचारत बसू?"

मी कधी ओरडल्याचं आठवत नाही. तो असताना गरज पडली नाही.

७ मार्च

आईचा फोन. "नीट जेवतो ना? झोपतो ना?" मी म्हटलं, त्यालाच विचार. "अगं, त्याला विचारलं तर हो म्हणतो तो!"

१० मार्च

मी मोजमापाची उपकरणं तपासते त्या लॅबमध्ये एका कारखान्याचे प्रेशर गेज आले. त्यांचा माणूस टेबलापाशीच उभा — "मॅडम, आत्ता लगेच तपासून द्या ना." नाही मिळणार. बाहेरून आलेलं उपकरण लगेच मोजायचं नसतं. खोलीत ठेवायचं, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. घाई केली तर आकडा मिळतो, पण तो उपकरणाचा नसतो, प्रवासाचा असतो. त्याला हे पटलं नाही. खुर्ची दिली. बसला फुगून.

घरी आले. दादा सकाळी होता तसाच, त्याच कोपऱ्यात. काही विचारलं नाही. त्याच्या शेजारी बसून कांदे चिरले.

१३ मार्च

फार मोठी चूक झाली. माझ्याकडून, आणि तीही साफसफाईत!

दादाच्या बॅगेला वास येत होता. आत त्याचे सामन्याचे ग्लोव्हज, चिखलासकट, त्या दिवसापासून तसेच. तो आंघोळीला गेला होता, हल्ली तासभर बाहेर येत नाही. लॅबमध्ये आम्ही सगळं अल्कोहोलने पुसतो. एक बाटली घरीही असते. मी दोन्ही तळवे अगदी कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत पुसले आणि बाल्कनीत उन्हात ठेवले. स्वतःवर खूश होते.

तळव्यांचं रबर झाडाच्या वाळक्या सालीसारखं झालं. दाबलं की तडा.

दादा टॉवेलवर बाहेर आला, पाहिलं, आणि — "कोणी सांगितलं होतं तुला! हात का लावलास? माझे आहेत ते! माझे!"

शेजारच्यांनी खिडकी उघडली असावी. मी सॉरी म्हटलं. तो टॉवेल सावरत बाल्कनीत उभा, ग्लोव्हज छातीशी धरून. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. आधी हसत होता. मग रडला.

"पक्कड," म्हणाला, "पक्कड घालवलीस तू त्यांची."

पक्कड म्हणजे मी. सहाव्या वर्षी बाबांच्या पकडीने रेडिओ उघडला तेव्हापासून. आणि शब्दही पकडून ठेवते, असं त्याचं म्हणणं.

आल्यापासून आज पहिल्यांदा तो कशाला तरी माझं म्हणाला. मला एवढंच नोंदवायचं होतं.

१४ मार्च

धडा घेतला. म्हणजे त्याने दिला, मी घेतला. ग्लोव्हज कोमट पाण्यात, अंगठ्याने हळूहळू चोळायचे. पिळायचे नाहीत. सावलीत वाळवायचे, पूर्ण कोरडे होऊ द्यायचे नाहीत. खेळण्याआधी तळवे ओले करायचे. ओलावा गेला की रबर मरतं.

"हे सगळं आधी सांगायचं ना."

"तू विचारलं कुठे?"

खरं आहे. मी विचारत नाही.

१९ मार्च

भिंत आला होता. भिंत म्हणजे दादाच्या पुढे खेळणारा बचावपटू, त्या दिवशी बॉल सोडणारा तोच. आमच्या दारातून वाकून आत येतो. आल्या आल्या घरातली सगळी अंडी संपवली.

"काय इंजिनियर, मित्राला चांगलं ठेवलंय ना? वाळलाय हो हा."

भिंतच बोलत होता. "तुझ्या जागी उभा करतात ना, तो पोरगा ओरडतच नाही रे. सगळीकडे मलाच डोकं घालावं लागतं. आधीच केस चाललेत, पुढच्या वर्षी कोणी मुलगी देणार नाही!"

दादाने एकदम विचारलं, "त्या दिवशी सोडलास का? दिसत होतं ना, मी हललो नाही ते."

"मी बघतच नाही."

"म्हणजे?"

"तू ओरडलास, मी सोडला. ओरडला की सोडायचं. येतोय की नाही हे बघत बसलो तर दोघांची डोकी फुटतील."

"आणि आता? आता ओरडलो तर?"

भिंतीने ब्रेडने ताटली पुसली. "ओरडून बघ. सोडीन."

मी चहा करायला उठले. चहा कोणी मागितला नव्हता.

२४ मार्च

सकाळी दादाला उलटी. खाल्लेलं काही नव्हतंच. टीव्हीवर सामना सुरू व्हायच्या आधीचं संगीत लागलं, तेवढंच कारण.

आज बोलला. तुटक तुटक, माझ्याकडे न बघता. हे त्या गोलपासूनचं नाही. गेल्या हिवाळ्यापासून सामन्याच्या दिवशी छातीवर कोणी बसल्यासारखं. हात स्वतःचे वाटत नाहीत. बॉल आपल्याकडे येऊच नये असं वाटतं — "गोलकीपरला, पक्कड! गोलकीपरला असं वाटतं!" कोणाला सांगितलं नाही. ओरडत राहिला, म्हणजे सगळं ठीक आहे असं लोकांना वाटत राहील.

डॉक्टरांचं नाव काढलं. "क्लबला कळलं की संपलं. डोक्याने गेलेला कीपर कोण घेतो?"

मी म्हटलं, "गेजचा काटा अडकला तर आम्ही गेजला शिव्या देत नाही."

"तुमच्या गेजला प्रेक्षक नसतात."

पाठ चोळली. पाठ केवढी रुंद आहे त्याची! माझा हात पुरत नाही.

२ एप्रिल

मास्तरांचा फोन. मास्तर म्हणजे क्लबमध्ये गोलकीपरांना शिकवणारे. दादा सोळाचा असल्यापासून त्यांच्या हाताखाली. रविवारी सराव सामना आहे, मुख्य कोच बघायला येणार, कराराचं त्यानंतर ठरणार. दादा म्हणाला, "हो मास्तर. येतो मास्तर."

नवे ग्लोव्हज मी आणले. माझ्या मापाने नाही, त्याला विचारून.

६ एप्रिल, रविवार

गाडी मी चालवली. मैदानामागच्या पार्किंगमध्ये लावली. दादा तयार — बूट, लेस, ग्लोव्हजचे तळवे ओले केलेले, मांडीवर. कुंपणापलीकडून शिट्टी, पोरांचे आवाज, सिमेंटवर बुटांची टकटक. त्याने दार उघडलं. लावलं. परत उघडलं. लावलं.

"पाय नाही निघत."

मी त्याच्या पायांकडे पाहिलं. दुसरीकडे कुठे बघायचं सुचलं नाही. लेस किती नीट बांधली होती!

समोर ठेवलेला त्याचा फोन वाजायला लागला. मास्तर. वाजत राहिला. दादाने माझ्याकडे पाहिलं — त्याने अभ्यासाच्या पुस्तकात लपवलेला चित्रांचा कागद आईने पकडला होता तेव्हा पाहिलं होतं तसं.

"माझा!"

मी ओरडले. मी! बाजूच्या गाडीतल्या बाईने काच खाली केली. फोन उचलला. मास्तर, मी त्याची बहीण. तो इथेच आहे, मागे, गाडीत. आज येणार नाही. आजारी आहे. काय झालं, असं त्यांनी विचारलं. सांगितलं — भीतीने उलट्या होतात, झोप नाही, बॉल आला की पाय हलत नाहीत, हिवाळ्यापासून. लॅबचा रिपोर्ट वाचते त्या आवाजात. दुसरा आवाज सापडला नाही. दादा खिडकीकडे तोंड करून बसला होता, कान लाल.

मास्तर आले. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी. मागचं दार उघडून बसले, गुडघे माझ्या सीटला टेकलेले.

"लेस बांधलीस?"

"हो."

"सोड मग. पाय सुजतील."

दादाने वाकून लेस सोडली. मास्तर म्हणाले, "कराराचं माझ्या हातात नाही. थाप मारणार नाही तुला. पण डॉक्टरांकडे उद्याच्या उद्या जायचं, हे माझ्या हातात आहे. क्लबला काय सांगायचं ते आपण मिळून ठरवू. आणि मला हिवाळ्यापासून दिसलं कसं नाही, ते मी घरी जाऊन बघतो."

उतरताना माझ्या खांद्यावर बोट आपटलं. "आवाज खणखणीत आहे की गं! इतकी वर्षं कुठे लपवला होतास?"

येताना दादा झोपला. डोकं काचेवर आपटत होतं. पूर्ण रस्ता गाडी सावकाश घेतली.

७ एप्रिल

चिडलाय माझ्यावर. "आजारी म्हणालीस." हो, म्हणाले. डॉक्टरांकडे मात्र गेला.

१८ एप्रिल

डॉक्टरबाई मला आवडल्या. घाई करत नाहीत. दुसऱ्या भेटीला मलाही आत बोलावलं. गोळ्यांना वेळ लागेल, मधेच बंद करायच्या नाहीत, एखादा दिवस मागे जाईल, घाबरायचं नाही.

दादा म्हणाला, "घाई नको हे हिला सांगायची गरज नाही हो. ही मला आल्यापासून खोलीच्या तापमानाला आणतेय."

बाईंना कळेना. मला समजावून सांगावं लागलं. हसल्या. मी नाही हसले. मी कांदे चिरताना मनातलं मोठ्याने बोलते की काय?

२२ एप्रिल

मागे गेलेला दिवस. पांघरूण डोक्यावरून. दाराशी सूप ठेवलं. तसंच राहिलं.

२३ एप्रिल

आजही. आई फोनवर रडली. मी नाही. लॅबमध्ये एकच आकडा तीनदा चुकीचा लिहिला.

२९ एप्रिल

थप्. थप्. थप्. दादा जिन्याखालच्या भिंतीवर बॉल मारतोय आणि पकडतोय. खालचे काका बाहेर आले. मला वाटलं, भांडण. काका म्हणाले, "मी मारू का दोन?" काकांनी वीस तरी मारले. एकही गोल नाही. काका खट्टू.

रात्रीच्या जेवणाला खरवडीचं पातेलं दादाने स्वतःकडे ओढलं. मी चमचा घातला. त्याने चमच्यावर चमचा मारला. बरं वाटलं.

५ मे

मास्तरांचा फोन. उद्या-परवा बैठक आहे. जे काही ठरेल ते फोनवर सांगणार नाही, म्हणाले, घरी येऊन सांगीन.

दोन्ही शक्य आहे, हे दादाला माहीत आहे. औषधांसकट, सावकाश परत घेतील. किंवा हात मिळवतील आणि सोडतील. भांडी घासताना त्याने विचारलं, "गोलकीपर नसलो तर मी कोण गं?"

उत्तर अगदी जिभेवर होतं. म्हटलं, "लांबलेला पाहुणा."

"एवढंच?"

"ताटली नीट पूस."

त्याला कळलं. ओल्या हाताने माझे केस ओढले.

आता लेटर-बॉक्सपासून बेलपर्यंत सगळ्याला मीच धावते. मास्तर आले तर दार मी उघडणार, चेहरा आधी मी बघणार, वाईट असेल तर दारातच थोडा वेळ काढणार. ठरवून टाकलंय.

८ मे

बेल. दाराच्या भिंगातून पाहिलं. मास्तर. टोपी हातात. टोपी हातात म्हणजे काय समजायचं?

कडीवर हात ठेवला.

आतून — "माझा!"

अर्धा गाल साबणात, अनवाणी, पळत आला.

बेल स्त्रीलिंगी आहे. काही बोलले नाही. कडीवरचा हात काढला, बाजूला झाले.

सोडला.