बोअरची तारीख

चि. ऋतुजास,

तुझ्या शाळेची खरी किंमत म्हणजे गावची विहीर आणि सुंदरबाई. हे पत्र पेटीत टाकायची हिंमत होणार नाही, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

दुष्काळात दूध संघासाठी मी विहिरीलगत बोअर घेतला. संघ तगला, त्याच्या पैशावर तुझी पुण्याची आंतरराष्ट्रीय शाळाही तगली. विहीर महिन्यात आटली. तळाचं पाणी वाटीनं भरायला सुंदरबाई उतरताना पडली आणि गेली. माझे कान तिखट आहेत. दगडांवर आपटत गेलेली तिची कळशी अजून ऐकू येते.

तुमच्या अभ्यासक्रमात प्रश्न पोरांनीच शोधायचा. तू हीच विहीर निवडलीस, ती का आटली म्हणून घरोघर विचारत फिरलीस. बोअर आधीचा आहे, हे कुणी बोललं नाही. सगळ्यांचं दूध संघातच येतं. मग तू मला विचारलंस, "पप्पा, बोअर कधी घेतला?"

"विहीर आटल्यावर, बाई."

पैकीच्या पैकी गुण मिळाले. संघाच्या सभेत मी पेढे वाटले. म्हणालो, "जगात कुठंबी चालतंय हे शिक्षण! पोरं कुणाच्या सांगण्यावर जात न्हाईत, सोता तपासत्यात."

सुंदरबाईचा मुलगा धोंडीराम पेढा हातातच धरून म्हणाला, "लई हुशार हाय पोरगी, चेअरमन."

परवा तुझी वही चाळली. प्रत्येक उत्तरापुढं तू दोन-दोन साक्षीदारांची नावं लिहिली आहेस. बोअरच्या तारखेपुढं एवढंच आहे, "पप्पांनी सांगितलं."

तुझा पप्पा,
बद्रीनाथ