चढ आला की उतर

रविवार, १९ नोव्हेंबर १९७८, चिंचवड

नवी स्कूटर, आम्ही दोघंच, मंचरपर्यंत निवांत फिरून यायचं. पण चढ आला की हे म्हणणार, "उतर, गाडी ओढत नाही." खेडचा घाट मी जवळजवळ पायीच चढले. तेही सोसलं असतं. पण मंचरला चहावाल्याला सांगतात, "बायको उतरली की गाडीचं विमान होतं बघा." टपरीवरचे सगळे माझ्याकडे बघून हसले.

मी उठले आणि स्कूटरची पेट्रोलची कळ गुपचूप रिझर्व्हवर फिरवून ठेवली. आता राखीव पेट्रोलही नकळत संपणार. वाईट वागले का? वागले असेन.

परतताना चाकणला विचारलं होतं, "पेट्रोल भरायचं का?" तर म्हणाले, "रिझर्व्हला आली की बघू." बरं.

मोशीच्या चढावर गाडी बंद पडली. यांनी कळ चाचपली, ती आधीच फिरलेली. "मीच विसरलो वाटतं." मी मान डोलावली.

हे घामाघूम होऊन गाडी ढकलत होते, मी मोकळ्या हातांनी पुढे. वर पोचल्यावर थांबून विचारलं, "अहो, मी तर उतरलेलीच आहे. मग विमान का होत नाही?"