अंगठ्याचं नख आणि तुमचा चेंडू

ती. मामांना वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामी बऱ्या आहेत ना? आणि शोकेसमधला तो टेबल टेनिसचा चेंडू (ज्याने तुम्ही ऑफिसची स्पर्धा जिंकलात तो) ठीक आहे ना? त्याला ऊन लागू देऊ नका.

समोर बोलायला गेले की माझा घसा बसतो, म्हणून लिहितेय. (लाँड्रीतले मालक म्हणतात, "तुझ्यापेक्षा हँगर जास्त बोलतात.") रविवारी गिटारच्या बाईंच्या क्लासचा कार्यक्रम आहे आणि मी एकटी वाजवणार आहे. बाईंच्या मैत्रिणीने हल्लीच रचलेला तुकडा आहे. क्लासिकल, पण नवा. म्हणजे गुणगुणण्यासारखं काही सापडलंच, तर लगेच काढून घेतात. वाजवता वाजवता एक तार ढिली करायची, मग गिटारच्या पोटावर टकटक करायची. मी सराव करायचे तेव्हा आई दर वेळी जाऊन दार उघडायची. शेवटी ती उठायचीच बंद झाली, आणि त्याच दिवशी खरा गॅसवाला दार वाजवून वाजवून परत गेला. बाबा म्हणाले, "वाजवतेयस की दुरुस्त करतेयस?"

सगळ्यात अवघड म्हणजे टकटकीनंतरची शांतता. हात तारांवरून उचलून नुसतं बसायचं आणि लोकांनी आपल्याकडे बघायचं. मामा, वाजवणं मला जमतं हो. न वाजवता बसणं जमत नाही, कान तापतात. नेमके तिथेच बाबा म्हणाले, "झालं? हिचं सगळं असंच अर्ध्यात. शाळा पण अशीच सोडली." मी तेव्हाच ठरवलं, हे शेवटपर्यंत वाजवायचंच.

तर काल लाँड्रीत एका कोटाची चेन अडकली. गिऱ्हाईक समोर उभं, मी घाबरून जोरात ओढली. चेन सुटली आणि माझ्या उजव्या अंगठ्याचं नख तुटलं. भांडी घासताना अंगठा वर धरून धरून जपलेलं नख! आई त्याला 'जावईबापू' म्हणायची. जाड तारा त्याच्यावरच वाजतात. गिऱ्हाईक म्हणालं, "वा, ताकद आहे हं तुझ्यात." मी कोट घडी करून दिला आणि इस्त्रीच्या टेबलामागे जाऊन रडले.

पण रडून नख येत नाही. बाईंनी उपाय सांगितलाय, तेव्हा काळजी करू नका.

तुमची भाची

ता. क. उपाय असा, की टेबल टेनिसच्या चेंडूचा नखाएवढा तुकडा कापून बोटाला चिकटवायचा. मी दुकानातून नवा चेंडू आणला, पण त्याचा तुकडा टिकतच नाही. बाई म्हणतात, जुना हवा, पूर्वीचा माल वेगळा असायचा. आता आपल्यात जुना चेंडू कुणाकडे असेल बरं?

ता. क. २. मागच्या बाजूने कापीन. भोक भिंतीकडे करून ठेवलं तर मामींनाही कळणार नाही.

ता. क. ३. नाही दिलात तरी रविवारी या. मी नुसत्या बोटाने वाजवीन, पण वाजवीन. फक्त टकटकीनंतर मी हात उचलून बसले, की टाळ्या वाजवू नका, आणि शेजारी बाबा असतील त्यांचेही हात धरून ठेवा. मी थांबले म्हणजे संपलं, असं नसतं.