जाड बाटलीचा साचा

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र आधी बाजूला ठेवलं असशील, मग कामाच्या ढिगाखाली सरकवलं असशील, आणि कुणाचं लक्ष नाही अशी खात्री करून मग उघडलं असशील. बाप आहे मी, तुझ्या सवयी मला पाठ आहेत. फोन केला असता, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू गप्प बसतेस आणि मी ओरडतो. शिवाय जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

आधी घरची खबरबात. तुझी आई ठणठणीत आहे आणि तिने माझा छळ मांडला आहे. स्वयंपाकघरात ओट्याखाली चार डबे ठेवलेत. ओला कचरा, सुका कचरा, काच-पत्रा आणि चौथ्यावर चिठ्ठी आहे, 'भिंगरीला विचारायचं.' ज्या वस्तूचं काय करावं ते तिला कळत नाही ती त्यात जाते. सहा वर्षांत तो डबा किती वेळा भरला आणि मी किती वेळा गुपचूप रिकामा केला ते विचारू नकोस. परवा टीव्हीवर तू दिसलीस. आई पुढ्यात बसून बघत होती. मी पाठ करून वर्तमानपत्र वाचत होतो, पण पाठीला कान असतात. तू चांगलं बोललीस, आवाज मात्र बसला होता. तुझ्यामागे एक धडधाकट माणूस कापडाचा देवमासा होऊन गडाबडा लोळत होता. कशासाठी ते देव जाणे. प्लास्टिकच्या करारासाठी एवढ्या देशांचे प्रतिनिधी जमणार आहेत ते काय देवमासा बघून पाघळणार आहेत? गेल्या वर्षी तुमच्या संघटनेच्या पोरापोरींनी आमच्या कामगार वसाहतीत कापडी पिशव्या वाटल्या. आता घरटी अकरा पिशव्या आहेत. लोक त्या ऐटीत खांद्याला लावून बाजारात जातात आणि आत भाजी प्लास्टिकच्या पिशव्यांमधून आणतात. तुम्ही विमानांनी जगभर फिरून किनाऱ्यावरची वेष्टणं मोजता, कोणत्या कंपनीची किती त्याचे तक्ते करता आणि एकमेकांना टाळ्या देता. निम्मं नाटक आहे ते. माझं हे मत तुला नवीन नाही आणि पत्राच्या शेवटीही ते बदलणार नाही, म्हणून आधीच सांगून मोकळा झालो.

आता त्या दुपारचं, जिच्याबद्दल आपण सहा वर्षं बोललो नाही. तू सुट्टीवर आली होतीस. जेवणं झाल्यावर तू टेबलावर बाटल्यांची सात झाकणं मांडलीस. कुठल्याशा परक्या देशाच्या किनाऱ्यावर वेचलेली, उन्हाने पांढरी पडलेली. त्यातलं एक उलटं करून तू माझ्यापुढे ढकललंस. आतल्या बाजूला मोहरीएवढी भिंगरी कोरलेली होती. साचा करणारा कुठेतरी आपली खूण ठेवतो, मालकाला दिसणार नाही अशा जागी. तुझ्या जन्मापासून माझी खूण ती होती. तू नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. तुला काय ऐकायचं होतं ते आज मला कळतं. आणि मी काय केलं? चष्मा चढवला, झाकण उजेडात धरलं आणि म्हणालो, "बघ, इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही काठ कसा धारदार आहे." तू उठलीस, बॅग भरलीस आणि निघालीस. आई फाटकापर्यंत मागे धावली. मी झाकण हातात घेऊन बसून राहिलो, आणि खरं सांगतो, तेव्हाही मनात हेच होतं की पोरीला चांगल्या कामाची कदर नाही.

एवढा मूर्ख बाप नशिबी येणं ही तुझी चूक नव्हे. पण त्या मूर्खाची बाजूही ऐक. मी चाळीस वर्षं साचे केले. पोलाद कापायचं, कानशीने घासायचं, केसाच्या दहाव्या भागाएवढा फरक बोटाने ओळखायचा. लोकांना वाटतं बाटली कारखान्यात बनते. बाटली साच्यात बनते आणि साचा माणूस बनवतो. मी केलेली वस्तू लोक पाच मिनिटं वापरून फेकतात, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण फेकणारा गाढव, मी नव्हे, असं मी धरून चाललो. तू कारखान्याच्या गटाराच्या कडेला सांडलेला कच्च्या प्लास्टिकचा दाणा फ्रॉकच्या खिशात भरून मोत्यांसारखा घरी आणायचीस, तेव्हा मी तुलाच रागावायचो. दाणा सांडणाऱ्याला कधी बोललो नाही.

महिन्यापूर्वी आपल्या घरी माझ्या जुन्या कंपनीचा जनसंपर्क अधिकारी आला. असला गुळगुळीत माणूस मी जन्मात पाहिला नाही. बूट काढले तर मोजेसुद्धा इस्त्री केलेले. त्याने फळांची टोपली आणली होती. टोपलीभोवती पारदर्शक कागद, आत प्रत्येक फळाला जाळीचा वेगळा सदरा आणि वर प्लास्टिकची रिबीन. तुझ्या आईने ती टोपली त्याच्यासमोर सोलायला घेतली. एकेक थर काढायचा, घडी घालायची आणि त्याच्या पुढ्यात ठेवायची. शेवटी फळांचा ढीग छोटा आणि वेष्टणांचा मोठा झाला. "जाताना घेऊन जा हं," ती इतक्या गोडपणे म्हणाली की त्या माणसाने खरोखरच ते सगळं बगलेत मारलं.

त्याचं काम असं होतं. तुमच्या त्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींमध्ये तिसऱ्या दिवशी कंपन्यांच्या संघटनेलाही बोलायला वेळ मिळतो. त्यांना एक खराखुरा कामगार हवा होता. हात रापलेला, केस पिकलेला, साधा. त्याने म्हणायचं की उत्पादनावर मर्यादा घातली तर आमच्यासारख्यांच्या चुली विझतील. कामगार शेकड्याने आहेत, मग मीच का, असं मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "काका, समोरच्या बाजूला तुमची मुलगी बसलेली असेल. एका फोटोत सगळं सांगून होतं." हे तो माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून, तुझ्या आईच्या हातचा चहा पीत म्हणाला. जाता जाता त्याने भिंतींकडे कौतुकाने पाहिलं. घर किती छान ठेवलंय, कंपनीने निवृत्तांना घरं राहायला दिलीत हा केवढा मोठेपणा, असंही बोलून गेला. धमकीसुद्धा धड द्यायची हिंमत नाही अशांच्या अंगात. आमच्या वेळचे मुकादम बरे, निदान तोंडावर शिव्या द्यायचे.

मी त्याला हाकलणार होतो. पण त्याने भाषणाचा कागद ठेवला होता, तो वाचला. सगळी नेहमीची रडगाणी. मधे एक वाक्य होतं: 'धुऊन पुन्हा पुन्हा भरता येईल अशी बाटली आमच्या उद्योगाने मनापासून करून पाहिली, पण ती तांत्रिकदृष्ट्या कधीच शक्य झाली नाही, हे मी माझ्या चाळीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो.'

माझ्या अनुभवाने. ते वाक्य वाचून मी कागद उलटा ठेवला आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसलो. आईला वाटलं छातीत दुखतंय.

भिंगरे, ती बाटली मी केली होती. तू नऊ वर्षांची होतीस. मी रविवारीसुद्धा कामावर जायचो आणि तू चिडायचीस, ते वर्ष. थोरल्या मालकांनी मला बोलावून सांगितलं की जाड भिंतीची, परत येणारी, धुऊन पुन्हा भरायची बाटली हवी. चौदा महिने लागले. पहिले तीन साचे फुकट गेले. चौथ्यातून जी बाटली आली तिच्यासारखी वस्तू मी आधी केली नव्हती, नंतरही नाही. प्रयोगशाळेतल्या बाईंनी ती उकळत्या पाण्याने चाळीस वेळा धुतली. ना तडा, ना वास, ना गळती. एक्केचाळिसाव्या वेळी बाईंनी ती मुद्दाम जिन्यावरून खाली टाकली. घरंगळत गेली आणि तळमजल्यावर उभी राहिली. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो.

मग थोरले मालक खाली आले. बाटली हातात घेऊन फिरवली, माझी पाठ थोपटली. म्हणाले, "फार सुंदर झालीय. हाच तर घोटाळा आहे. एक बाटली चाळीसदा वापरली तर उरलेल्या एकोणचाळीस मी विकायच्या कुणाला?" साचा तोडायचा हुकूम झाला. दुसऱ्या कुणाला तोडू देईन एवढाही मोठा मी नव्हतो, म्हणून मीच तोडला. पोलाद होतं, करवतीला दोन दिवस लागले. पुढच्या आठवड्यात मला फोरमन केलं. घरी मी सांगितलं की साचा फसला. आई म्हणाली, जाऊ दे, पुढचा जमेल. आणि तू शाळेत निबंध लिहिलास की माझे बाबा हरले तरी रडत नाहीत. त्या निबंधाला बक्षीस मिळालं. मी तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरली ती पस्तीस वर्षं.

तेव्हा तुझ्या देवमाशाला हसायचा हक्क मला किती आहे ते तूच ठरव. तुम्ही किनारे मोजत फिरता, निदान कुणाला तरी दिसेल असं काही करता. मी तर उपाय हातात धरला होता आणि पगारी नोकरासारखा त्याचे तुकडे केले. आणि तू सात झाकणं घेऊन आलीस तेव्हा तोंड उघडायची दुसरी संधी मिळाली, तर मी धारेचं कौतुक करत बसलो. मालकांना मी लबाड म्हणतो, त्या इस्त्रीच्या मोज्यांना मी क्षुद्र म्हणतो, पण आरशात बघताना मला जो दिसतो त्याला शब्द सापडत नाही.

त्या दिवशी ओसरीवरून उठून आत गेलो आणि आईला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली. मग एवढंच म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी सुखाने गरीब राहिले असते." त्यानंतर तिने स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं करून दिलं. दुसऱ्या दिवसापासून मी त्या टेबलावर तो साचा आठवून पुन्हा काढला. एकोणीस दिवस लागले. वय झालं, पण मापं विसरलेलो नाही. भिंतीची जाडी, गळ्याचा घेर, तळाचा फुगवटा, सगळं कागदावर आहे. प्रयोगशाळेतल्या बाईंना शोधून काढलं. ऐंशीच्या आहेत, काठी घेऊन चालतात, जीभ मात्र अजून तिखट. त्यांनी चाळीस धुण्यांचं सगळं वर्णन लिहून खाली सही केली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "फार उशीर केलात हो, मिस्त्री." मी मान खाली घातली. आईने भांडी बांधायला काढली आहेत. मावशीकडे दोन खोल्या आहेत, तिथे जाऊ. घर कंपनीचं आहे, ते कंपनीने ठेवून घ्यावं.

हे पत्र लिहायचं कारण आता सांगतो. अधिकाऱ्याला मी होकार कळवला आहे. तो इतका खूश झाला की त्याने मला नवा कोट शिवून दिला. मंगळवारी, तुमच्या तिसऱ्या दिवशी, कंपन्यांच्या बाकावरून माझं नाव पुकारतील आणि मी त्यांच्याच कोटात, त्यांचाच कागद घेऊन उभा राहीन. पाच मिनिटं देतात. पहिलं दीड मिनिट मी त्यांनी लिहून दिलेलंच वाचणार आहे, शब्दन् शब्द, चुली विझण्यासकट, म्हणजे त्यांचा माणूस निर्धास्त होऊन फोनमध्ये डोकं घालेल आणि माइक कुणी बंद करणार नाही. 'चाळीस वर्षांच्या अनुभवाने' या शब्दांपर्यंत वाचेन आणि कागद खाली ठेवेन. पुढचं माझं आहे. बाईंची सही आणि साच्याचं चित्र कोटाच्या आतल्या खिशात असेल, एक प्रत तुला वेगळ्या पाकिटातून पाठवली आहे. मला टाळ्या नकोत, माफी तर मागतही नाही. एवढंच कर की ते पहिलं दीड मिनिट, जेव्हा सगळ्या सभागृहाला आणि तुझ्या सोबतच्यांना वाटेल की भिंगरीचा बाप विकला गेला, तेव्हा तू जागेवर बसून राहा. कुणाला काही समजावू नकोस, माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल. पण दार तुझ्याच बाजूला आहे असं अधिकाऱ्याने दिलेल्या सभागृहाच्या नकाशात दिसतं, आणि तू त्या दारातून जाताना दिसलीस तर मला पुढची साडेतीन मिनिटं बोलता येणार नाही.

तुझाच,
बाबा