सारंगांना विचारा

ब्रिस्टल,
१४ फेब्रुवारी २००६

ती. बाबांस,
तुम्हा दोघांच्या पायांवर डोकं ठेवून आश्लेषा लिहिते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचे गुडघे कसे आहेत?

दुभाष्याचं काम चालू आहे. मागच्या आठवड्यात इथल्या बंदरात एका जहाजाची झडती झाली आणि दाभोळच्या इस्माईल नावाच्या खलाशाला चोरट्या मालाच्या संशयावरून अडकवलं. चौकशीला मीच दुभाषी होते; अधिकाऱ्याच्या प्रत्येक प्रश्नाला तो म्हणायचा, "सारंगांना विचारा." मला हळूच म्हणाला, "ताई, ह्या सायबाच्या वर कोणी सारंग नाय काय?"

सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. त्याच्याआधी खलाशाने तोंड उघडायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. पण दुभाष्याने पदरचं काही घालायचं नाही. निरोप ऐकला तसाच सांगावा, हे तर शाळेच्याही आधी तुम्हीच शिकवलंत. मी तसाच सांगितला. अधिकाऱ्याने लिहिलं, 'माहिती लपवतो.' इस्माईल अजून कोठडीतच आहे. त्याला वकीलही मिळालेला नाही.

चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. काल सारंगाची ती रीत कागदावर लिहून, सही करून अधिकाऱ्याकडे दिली. आज फोन आला, "गुरुवारी या. येताना तुमचा पासपोर्ट आणा." कशासाठी, ते सांगितलं नाही. माझ्या व्हिसाचे तीनच महिने उरलेत.

हे पत्र पोचेल तोवर गुरुवार उलटून गेलेला असेल. मी लिहिलं ते खरंच आहे, बाबा, दोनदा वाचलं. तरी फार भीती वाटते.

तुमची,
आश्लेषा