पुढचा ब्रेक आता लागतो

राजूदादा,

गाडी अंगणात दिसली नाय म्हणून बोंबलू नको, चोरीला गेली नाय. तुझ्या कपाटातली चावी मीच काढली. मागितली असती तर तू दिली नसती.

दोन वर्षांपूर्वी कन्नडच्या घाटात आबा गाडीवरून पडले, मागं बसलेल्या आईचा पाय मोडला. तेव्हापासून गाडी अंगणात उभीच, आणि तू सगळ्या पाहुण्यांत सांगत सुटलास, आबांचा हात कापतो, त्यांना गाडी देऊ नका. आबांनाही ते खरंच वाटायला लागलं. मी पुढचं चाक धरणारा जुना फोर्क उघडला, तर एका नळीत तेलाचा थेंब नाय आणि ब्रेकचे लायनर झिजून पार गुळगुळीत. सर्व्हिसिंग करून आणायचं काम कोणाचं होतं, दादा? लायनर तुझ्या टेबलावर ठेवलेत. बोट फिरवून बघ.

आता फोर्क, चाक, डिस्क ब्रेक, पुढचं सगळं नवीन बसवलंय. पोरीच्या हातात पाना दिला की गाडी भंगारात, असं म्हणाला होतास ना? काल चितेगावच्या रस्त्यावर साठच्या वेगात ब्रेक दाबला. गाडी तसूभरही बाजूला सरकली नाय, रेघ मारल्यासारखी सरळ थांबली. मग आबांच्या हातात दिली. त्यांनी तीनदा थांबवून बघितली आणि लई दिवसांनी मोठ्यानं हसले.

मी शेंद्र्याला ड्युटीवर जातेय, भाकरी टोपल्यात आहे. आबा तोच घाट उतरून मामाकडं निघालेत. मी म्हटलं, ड्युटी बुडवते, पहिल्या खेपेला मागं मी बसते. आईनं मला बाजूला सारलं, हेल्मेट घातलं अन् म्हणाली, "सरक, माझी जागा हाय ती."

सुलेखा