माशांच्या टाकीवरचे खडे न धुण्याबाबत

प्रति,
मा. मुख्याध्यापिका बाई,
माध्यमिक विभाग, आपली शाळा.

विषय: प्रवेशदालनातील माशांच्या टाकीची देखभाल मला परत मिळण्याबाबत. (विषय पुढे बदलला आहे, कृपया शेवटपर्यंत वाचावे.)

संदर्भ: काल परिपाठात आपण माईकवरून केलेले कौतुक (माझे नव्हे).

महोदया,

हेवा वाटणे हे अर्ज करण्यास पुरेसे कारण धरले जाते काय? हा प्रश्न पहिल्याच ओळीत विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. ती मी जिंकले. उत्तर मात्र मला खरोखर हवे आहे.

१. सदर टाकीचे पाणी पूर्वी हिरवेगार व वासाचे होते. पालकसभेला आलेले लोक नाक दाबून जिना चढत. मी शिपाईकाकांच्या मागे लागून कान तुटलेला एक टब मिळवला, टाकीवर फळी टाकून तो बसवला, त्यात खडे भरले आणि खड्यांत मनीप्लांट, स्पायडर प्लांट व एक पीस लिली लावली. छोटा पंप टाकीतले पाणी टबात चढवतो आणि ते खड्यांतून, मुळांतून झिरपून परत खाली येते. माशांची घाण झाडांना खत, झाडांनी गाळलेले पाणी माशांना. दोघेही एकमेकांच्या जिवावर गलेलठ्ठ.

२. पुढे मला कांजिण्या झाल्या. मी घरी अंग खाजवत पडले असता टाकीचा ताबा आमच्याच वर्गातील एका मुलीकडे गेला. तिला सगळे टापटीप म्हणतात, कारण ती बाक पुसल्याशिवाय बसत नाही आणि तिचे खोडरबरसुद्धा कधी काळे होत नाही. मी परतले, ताबा परतला नाही. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण मी परीक्षेत वाक्यात वापरली होती. आता अंगावर आली.

ती आली की मासे काचेला येऊन चिकटतात. मी आले की शेपूट दाखवतात. ज्यांच्यासाठी मी टब डोक्यावर घेऊन तीन मजले उतरले, तेच हे मासे! शिवाय माझ्या काळात एकदाही न फुललेली लिली तिच्या काळात फुलली. त्यावर आपण माईकवरून म्हणालात, “हाताला गुण असावा लागतो.” बाई, त्यानंतर मला डबा गेला नाही.

परंतु खरे ते लिहिले पाहिजे. टापटीपने टब खिडकीकडे वळवला होता. उजेड मिळाला म्हणून लिली फुलली. हे मला सुचले नव्हते, आणि सर्वांत जास्त राग मला याचाच आहे.

३. आता मूळ मुद्दा. सोमवारी तपासणीला पाहुणे येणार म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर टबातील सर्व खडे काढून, साबण व उकळत्या पाण्याने लख्ख धुण्याची परवानगी आपण टापटीपला दिली आहे. खड्यांवरचा तपकिरी, बुळबुळीत थर पाहून तिला मळमळते. मात्र तो थर घाण नव्हे. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. माशांच्या घाणीतले विष तेच मोडतात, तेव्हा कुठे ती झाडांना नीट पचते. थर धुतला की खडे चकाकतील, पाणीही काचेसारखे दिसेल, आणि त्याच काचेसारख्या पाण्यात मासे एकेक करून आडवे होतील.

४. हे मी काल मैत्रिणींना सांगितले. पैज लावणाऱ्यांतलीच एक म्हणाली, “मग गप्प बस की! धुऊ दे तिला. मासे गेले की टाकी आपोआप तुझी.” आणि बाई, मी खरेच गप्प बसले. अख्खा भूगोलाचा तास मला मनातल्या मनात माईकवरून आपला आवाज ऐकू येत होता, आणि त्यात तिचे कौतुक नव्हते. फार गोड वाटत होते.

शाळा सुटताना टाकीजवळून गेले. टापटीप माशांना दाणे घालत त्यांना सांगत होती, “शनिवारी तुमचं घर मस्त चकाचक करते हं.” मासे काचेला चिकटून ऐकत होते. माझा गोडवा तिथेच उतरला.

५. सबब विनंती बदलत आहे. ताबा मला मिळो न मिळो, खडे धुण्याची परवानगी आजच रद्द व्हावी. पाहुण्यांच्या डोळ्यांना खटकत असल्यास वरून थोडे नवे खडे पसरावेत. खालच्यांना कोणी हात लावू नये. टापटीपला कारण सांगावे, पण माईकवरून सांगू नये. टब खिडकीकडेच राहू द्यावा.

हेवा कमी झालेला नाही, याचीही नोंद व्हावी.

आपली नम्र (व सध्या थोडी जळकी) विद्यार्थिनी,
इयत्ता नववी, खिडकीजवळचा शेवटचा बाक
गुरुवार, मधली सुट्टी

सोबत: टबातील एक खडा, ओल्या कापडात गुंडाळून. (कृपया धुऊ नये.)

प्रत माहितीसाठी: आई व बाबा.
आई, “रडू नकोस, घरी दुसरी टाकी घेऊ,” असं तू म्हणालीस, आणि बाबा, तुम्ही लगेच दुकानात विचारूनही आलात. टाकी आणू नका. मी ठरवलंय. शनिवारी मी शाळेत थांबणार, टापटीपला तो बुळबुळीत थर बोटाने चाचपायला लावणार, आणि मासे तिच्याकडेच का जातात ते तिच्याकडून शिकूनच घरी येणार. जेवायला थांबू नका.